तलावातलं रान

दिवाळी सरली की आमच्या भागात पाणी उतरायचे दिवस सुरू होतात. धाराशिवहून एसटीनं कुठल्याही बाजूला निघा, दोन-तीन गावं मागं पडली की खिडकीतून एखादा तलाव दिसतोच. पावसाळ्यात फुगलेला, आता आकसत चाललेला. कडेनं ओल्या चिखलाचे पट्टे, एकाखाली एक. बाभळीच्या बुडख्यावर गाळाची रेघ. बगळे त्या चिखलात पाय उचलत, थांबत चाललेले. शेजारी बसलेली माणसं म्हणतात, "औंदा पाणी बरं हाय." मी पाण्याकडं बघत नाही. पाणी मागं हटून जी जमीन उघडी पडते तिच्याकडं बघते. माझी ही सवय पन्नास वर्षांची आहे आणि आता सुटण्यासारखी नाही.

तीसएक वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. त्यात एक धडा याच दिवसांत यायचा. निसर्गानं घडवलेलं ते प्राकृतिक भूदृश्य, माणसानं त्यावर घडवलेलं ते सांस्कृतिक भूदृश्य. डोंगर, ओढा, माती पहिल्यात. शेत, रस्ता, गाव दुसऱ्यात. मुली वहीत दोन रकाने पाडायच्या आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचीच, "बाई, तलाव कुठल्या रकान्यात घालायचा?" मी सांगायचे, दुसऱ्या. एवढंच सांगायचे. पुढचं ओठापर्यंत यायचं, पण तास पस्तीस मिनिटांचा आणि समोर बारा-तेरा वर्षांच्या पोरी. ते राहून गेलं. आज लिहिते.

आमचं गाव बालाघाटाच्या उताराला. गावाच्या वरच्या अंगाला आमचं पाच एकर रान होतं. आजोबांच्याही आधीपासून, गावकीच्या कामाबद्दल मिळालेलं इनामाचं. छप्पन्न साली आमची वस्ती बौद्ध झाली, गावकीची कामं सुटली, रान तेवढं राहिलं. हलकी जमीन. वीतभर मातीखाली मुरूम. पण एका कडेनं ओढा वाहायचा आणि त्या ओलीवर ज्वारी कशीबशी वर यायची. ओढ्याच्या खालच्या अंगाला, जिथं दोन बाजूंनी काळा खडक जवळ येतो तिथं, पाटलांची जमीन. काळीभोर. ढेकूळ हातात घेतलं तर हात काळा व्हायचा.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, विहिरी खांदायचे. नाव तुळशीराम. पाच एकरांत घर भागायचं नाही, म्हणून तरुणपणापासून हाच धंदा. डाव्या हाताची दोन बोटं सुरुंगात गेलेली. आजूबाजूच्या सात-आठ गावांत त्यांनी पाडलेल्या विहिरी होत्या. जमिनीवरचं त्यांना फारसं काही सुचायचं नाही, बाजारात तर कुणीही फसवावं. पण जमिनीखाली काय आहे ते त्यांना समोरच्या भिंतीसारखं दिसायचं. मुरमाचा खडा उचलायचे, तोंडातली थुंकी लावायचे, अंगठ्यानं चोळायचे आणि सांगायचे, हितं दोन पुरुसांवर, दोन माणसं उभी मावतील इतकं खाली, खडक लागंल. लागायचा.

पाटलांची विहीरही त्यांनीच खांदलेली. बाहत्तरच्या दुष्काळाच्या दहाएक वर्षं आधी. पाणी लागलं त्या दिवशी पाटलांनी त्यांना विहिरीवरच नवं धोतर दिलं. आबा विहिरीतून वर आले, चिखलानं भरलेले, आणि खूश होऊन म्हणाले, "पाटील, झरा वरच्या अंगानं येतोय बगा. आमच्या रानाखालून. मुरमातून पाणी उतरतंय आन् हितं खडकाला अडतंय. वर जितकं मुरंल तितकी ही हीर भरंल." आपल्या कामाचा अभिमान होता म्हणून बोलले. पाटलांनी ऐकून घेतलं.

मग बाहत्तर साल आलं. त्या दुष्काळावर पुष्कळांनी लिहिलंय, मी वेगळं काय लिहिणार. आदल्या साली पाऊस ओढून धरलेला, त्या साली आलाच नाही. पेरलेलं बी मातीत तसंच सापडायचं. कडबा संपला, जनावरं दावणीतून गेली. रेशनवर मिलो, परदेशी लाल ज्वारी, यायची, तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि खाल्ल्यावर पोट दगडासारखं व्हायचं. मी सतरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. मायबरोबर रोज पाण्याला जायचे. तीन मैल. पाटलांच्या विहिरीच्या तळाशी पाणी होतं, पण ते आमच्यासाठी नव्हतं. आबांनी खांदलेल्या विहिरीवर आबांच्या बायकोनं घागर न्यायची नाही. हे तेव्हा कुणी बोलूनही दाखवायचं नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं.

थंडीत बातमी आली की आपल्या ओढ्यावर पाझर तलाव होणार. दुष्काळी काम. वस्तीत त्या दिवशी बायका दारात उभ्या राहून बोलत होत्या, खूप दिवसांनी कुणीतरी हसलं. चार दिवसांनी ओव्हरसियर आले, माणसं दोरी धरून चालली, खुंट्या ठोकल्या, चुन्याची फक्की पडली. मी स्वतः बघितली ती रेघ. ओढ्याच्या खालच्या अंगाला, दोन खडकांच्या मधोमध होती. तिथं बांध घातला असता तर पाणी पाटलांच्या काळ्या रानात उभं राहिलं असतं. आमच्या रानाच्या फक्त कडेला लागलं असतं.

आठ दिवसांनी खुंट्या वर सरकल्या होत्या. आमचं रान अख्खं आत.

आबा ओव्हरसियरकडं गेले, मी बरोबर होते. लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकलेलं. पाटीलही तिथंच खुर्चीत बसलेले.

"साहेब, खुंट्या हलल्या," आबा म्हणाले.

"नव्यानं पाहणी झाली," ओव्हरसियर म्हणाले. माणूस तरुण होता, उन्हानं सोलून निघालेला.

"खाली दोन्ही अंगाला खडक हाय. तिथं पाणी थांबंल. हितं समदा मुरूम हाय, साहेब. हितं ठरायचं न्हाय."

ओव्हरसियर हसले. वाईट हसले असंही नाही. "अहो, याला पाझर तलाव म्हणतात. पाणी मुरायलाच पाहिजे. साठवायचं कुठं आहे आपल्याला?"

"मुरू द्या की. पर मुरून कुठं जातंय ते ठावं हाय मला."

"कुठं जातं?"

आबांनी हात लांब करून पाटलांच्या विहिरीकडं बोट दाखवलं. तीन बोटांच्या हातातलं एक बोट. पाटील रागावले नाहीत, त्यांनी मानही वळवली नाही. सुपारी कातरत होते, ती कातरत राहिले.

"तुमची जमीन जाते म्हणून बोलताय तुम्ही," ओव्हरसियर शेवटी म्हणाले.

"व्हय. माझी जातीया म्हून बोलतोय. पर खरं बोलतोय."

त्यांनी कागद पुढं ओढला आणि आबांकडं पुन्हा बघितलं नाही.

मी पुढं नकाशे वाचायला शिकले, समोच्च रेषा शिकले. त्या रेषांवर ओढ्याच्या दोन जागा असतात, वरची आणि खालची. कुठली चांगली ते रेषा सांगतात. कुणाची आहे ते सांगत नाहीत. पण बांध कुठं पडायचा ते त्या न दाखवलेल्या गोष्टीवर ठरलं. पाण्यानं काहीच पक्षपात केला नाही. ते उताराला गेलं, मुरमातून गेलं, खडकाला अडलं. त्याच्या स्वभावाप्रमाणे वागलं. आणि त्याचा स्वभाव आबांनीच पाटलांना समजावून दिलेला होता.

आबांनी सही करायची नाही असं ठरवलं. तहसीलला जायचं, अर्ज द्यायचा. दोन दिवस ते त्याच बेतात होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तीतली माणसं आमच्या अंगणात येऊन बसली. पाटलांची नव्हेत, आमचीच. शेवटी गोदाआत्या बोलली. आबांची चुलतबहीण, नवरा नसलेली, पदरात दोन लेकरं.

"तुळशीराम, तू आडवा आलास तर काम दुसऱ्या गावाला जाईल म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"समदेच म्हणत्यात. खरं-खोटं मला काय ठावं. पर माझ्या लेकरांच्या तोंडाकडं बग बाबा तू. धाकटं उठून बसंना झालंय."

आबांनी मायकडं बघितलं. माय चुलीजवळ होती. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बगताव? म्या काय सांगू?" आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी सही केली. त्यांना सही येत होती, अंगठा उठवावा लागला नाही. रानाच्या मोबदल्याचं पुढं काय झालं ते मी इथं सांगत नाही. आबांनी तो विषय घरात कधी निघू दिला नाही.

काम सुरू झालं. आम्हीही गेलो. दुसरं करणार काय? आबा टिकाव घेऊन खांदायला, मी आणि माय पाट्या वाहायला. बांधाच्या भरावाला माती जवळची लागते, आणि जवळ होतं ते आमचं रान. जी वीतभर माती आबांनी आणि आजोबांनी वर्षानुवर्षं वेचून, दगड काढून, शेणखत घालून केली होती, ती आम्ही तिघांनी गावाबरोबर खरवडून डोक्यावरून वाहिली. पाटीतून माती गळायची, मानेवर, पोलक्यात. घरी येऊन अंग धुवायला पाणी नसायचं, तशीच झोपायचे. उशाला आमचंच रान.

दुपारी कामावर सुकडी, दुष्काळातलं सरकारी कोरडं खाणं, वाटायचे. गोदाआत्याची लेकरं तिच्याजवळ बसून ओंजळीनं खायची. महिन्याभरात धाकटं पळायला लागलं. बांधावरून घसरत खाली यायचं, पुन्हा चढायचं. आबा टिकाव थांबवून त्याच्याकडं बघायचे. ते पोरगं जगलं हे खरं आहे. आमचं रान गेलं म्हणून ते जगलं हेही खरं आहे. मी शाळेत भूदृश्याचा धडा शिकवताना हे मला कुठल्याच रकान्यात घालता यायचं नाही.

माय एकदाच बोलली. चैत्रातलं ऊन, पाटी भरून उभी होती. आबांना म्हणाली, "तुमी इतक्या हिरी खांदल्या. पर कुणाला सांगायचं कशाला वो, पाणी कुठनं येतंय ते?" त्या दिवशी आबांनी नेहमीच्या दीडपट काम केलं.

पुढल्या पावसाळ्यात तलाव भरला. खरंच भरला. गाव बांधावर आलं, नारळ फुटला, लाल गढूळ पाण्यात हळदीकुंकू गेलं. आमच्या रानातली बोरीची दोन झाडं कमरेइतक्या पाण्यात उभी होती. पौष सरता सरता पाणी गेलं. आबांनी सांगितलं होतं तसंच. आणि त्या उन्हाळ्यात, गावाचे आड आटले तेव्हा, पाटलांच्या विहिरीत चार पायऱ्या बुडालेल्या होत्या. सरकारी दप्तरात तो तलाव यशस्वी म्हणून लागला असणार. खोटं नाहीच ते.

मी उस्मानाबादला कॉलेजात गेले. तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. भूगोल घेतला. का घेतला म्हणून विचारलं असतं तर तेव्हा सांगता आलं नसतं.

सुट्टीत घरी यायचे तेव्हा दर खेपेला बांधाखालचं हिरवं वाढलेलं असायचं. साखर कारखाना उभा राहत होता, उसाचं वेड आलं होतं. जिथं ज्वारी-करडई होती, तुरीच्या ओळी होत्या, तिथं ऊस. बांधाखालच्या शेतकऱ्यांनी पाणी वाटून घ्यायला सहकारी सोसायटी काढली, चेअरमन पाटलांचे थोरले चिरंजीव, बाळासाहेब. आबांना वाटलं, आपणही सभासद व्हावं. वस्तीतल्या दोघा-तिघांनी खाली थोडं रान वाट्यानं घेतलं होतं, त्यांच्याबरोबर आपणही घेऊ. धुतलेला सदरा घालून सोसायटीत गेले. मी सुट्टीवर होते, बरोबर गेले.

सेक्रेटरीनं वही काढली. "रान कुठं आहे तुमचं?"

"तलावात."

सेक्रेटरीनं वर बघितलं. "लाभक्षेत्र बांधाच्या खाली असतं. बुडालेलं रान त्यात येत नाही." आणि मग गमतीनं, "तलावात रान असल्यावर तुम्हाला आणखी पाणी कशाला पाहिजे हो?"

बाकावर बसलेली माणसं हसली. आबाही हसले. ते हसणं मी पुढं कधी विसरले नाही. घरी येताना वाटेत ते म्हणाले, "त्येचं बराबर हाय. कायदा तसाच असंल." सदरा घरी येऊन घडी करून ठेवला.

उसाला विहिरी लागत होत्या, त्यामुळं काही वर्षं आबांना काम भरपूर मिळालं. बांधाखाली त्यांनी सहा की सात विहिरी पाडल्या. एकेक विहीर आधीच्यापेक्षा खोल. ते सांगायचे, "झरा एकच हाय, तोंडं वाढत्यात." कुणी ऐकून घेतलं नाही आणि त्यांनीही फार ताणलं नाही. पोट त्यावरच होतं. नंतर बोअरच्या गाड्या आल्या आणि त्यांना बोलावणं बंद झालं.

ऐंशीनंतर पुन्हा पाऊस मागं हटला. एक वर्ष, मग दुसरं. मी तेव्हा शेजारच्या तालुक्यात शिक्षिका होते, शनिवार-रविवार घरी यायचे. तलाव कसाबसा अर्धा भरायचा, आणि दिवाळीलाच तळ दिसायचा. मात्र इतक्या वर्षांत डोंगरावरून वाहून आलेला गाळ तळाला साठला होता. काळा, लोण्यासारखा. असा उघडा पडलेला गाळ पेरायला मिळतो, गाळपेर म्हणतात त्याला. अर्ज करावा लागतो. मी तो लिहिला. ज्यांची जमीन गेली त्यांना आधी, असा नियम निघाला आणि आबांना मंजुरी मिळाली. एका हंगामापुरती.

आबा साठी ओलांडलेले. आम्ही तिघं चिखल तुडवत आत गेलो. आबा थांबले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. चार पावलं पुढं गेले, परत आले.

"सुमे, आपला धुरा कुठनं होता गं?"

धुरा म्हणजे बांध, दोन रानांमधला. मला सांगता येईना. मायला सांगता येईना. बोरी केव्हाच मेल्या होत्या. गाळानं सगळं एकसारखं करून टाकलेलं. जमिनीखालचं ज्यांना दिसायचं ते आबा आपल्या रानात उभे राहून आपलं रान शोधत होते. शेवटी काठी रोवून म्हणाले, "हितंच असंल," आणि तिथून पेरायला सुरुवात केली. हरभरा आणि करडई.

असं पीक आमच्या रानात कधी आलं नव्हतं. आबा सकाळी जायचे ते दिवस मावळल्यावरच यायचे. मी शनिवारी आले की माय मला बांधावर घेऊन जायची, आणि आम्ही नुसत्या बघत बसायचो. घाटे भरलेले. आजूबाजूला सगळीकडं पिवळं, करपलेलं, बांधाखालचा ऊससुद्धा वाळायला लागलेला, आणि मध्ये तेवढंच हिरवं.

काढणीला दहा-बारा दिवस होते तेव्हा बाळासाहेब आले. जीपमधून उतरून सरळ आबांकडं आले. बापापेक्षा माणूस बोलायला मोकळा. "तुळशीरामबाबा, सोसायटीला गाळ काढायची परवानगी मिळाली. ट्रॅक्टर उद्या येणार होते. मी थांबवलेत. आठ दिवसांत काढून घ्या तुम्ही."

"आटच?"

"त्याच्यापुढं मला थांबवता येणार नाही. खाली सगळ्यांचा ऊस चाललाय. गाळ टाकला तर जमीन ओल धरील."

आबांनी मान हलवली. वस्तीतली माणसं मदतीला आली. गोदाआत्याचं ते धाकटं, आता मिसरूड फुटलेला गडी, तोही आला. थोडं हिरवट असतानाच पीक काढलं. दाणे सुरकुतले, पण घरात आले.

मग ट्रॅक्टर उतरले. दहा दिवस रोज. गाळ भरून खाली जायचा, पाटलांच्या आणि इतरांच्या रानात पसरायचा. पाणी आधीच खाली गेलं होतं, आता मातीही गेली. मी त्या रविवारी आले तेव्हा तळाला पांढरट मुरूम उघडा पडला होता, सोललेल्या जनावरासारखा. आबा बांधावर उकिडवे बसलेले. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी बोट दाखवलं. खरवडलेल्या मुरमात दगडांची एक वाकडी ओळ वर आली होती.

"धुरा," ते म्हणाले. "आपुन बारा हात चुकलो होतो गं. शेजाऱ्याच्या रानात पेरलं."

त्या वर्षी पाऊस बरा झाला. तलाव काठोकाठ भरला. दिवाळीच्या सुट्टीत मी आबांबरोबर बांधावर गेले. पाणी पंधरा दिवसांत पुरुषभर उतरलं होतं, इतकं पूर्वी कधी उतरलं नव्हतं. गाळाचा थर निघाल्यानं मुरमाची तोंडं मोकळी झाली होती. खाली विहिरींवर इंजिनं चालू होती, त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. आबा बराच वेळ पाण्याच्या कडेकडं बघत राहिले, आणि एखादं काम नीट झाल्यावर गवंडी म्हणतो तसं म्हणाले, "आता झकास मुरतंय."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी त्यांच्याबरोबर रडले असते. तो नव्हता. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही बांधावरून वस्तीकडं उतरलो.